पटावरचं दहावं नाव

खारपाणपट्ट्यात बॅटरीची टोकं सहा महिन्यांत पांढरी पडतात. जमिनीखालचं पाणी खारं, आणि ते मीठ हवेतसुद्धा असतं असं लोक म्हणतात. हवेचं मला माहीत नाही. टोकं घासायची, ग्रीस लावायचं, पुढच्या गावाला निघायचं, हे माझं काम. मी नीलम खंडारे, राहणार अमरावती, वय छत्तीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि तोंड फटकळ. हे शेवटचं आमच्या संस्थेतले लोक मला तोंडावर सांगतात, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

जिथं इंटरनेट पोचत नाही आणि वीज आली तर आली, अशा शाळांत आम्ही सर्व्हर बसवतो. सर्व्हर म्हटलं की लोकांना थंडगार खोली आणि मोठी कपाटं आठवतात. आमचा सर्व्हर तळहातावर मावतो. छतावर सोलरची एक पाटी, भिंतीला बॅटरी, आणि एका झिरोच्या बल्बाएवढी वीज. त्याच्या पोटात पहिलीपासून आठवीपर्यंतचे धडे भरलेले असतात. पोरांनी टॅब उघडायचा, आपलं नाव दाबायचं आणि वाचायचं. मोठ्यानं वाचलेलं तो रेकॉर्ड करतो, बरोबर आलेले शब्द मोजतो आणि शेवटी 'शाब्बास' म्हणतो. कोणी वाचलं, कोणत्या टॅबवरून वाचलं, किती वाजता, टॅब किती लांब होता, सगळ्याची नोंद राहते. यंत्र खोटं लिहीत नाही, असं मी प्रत्येक शाळेत मास्तरांना ऐकवायची. आता नाही ऐकवत.

खारबर्डी तेल्हाऱ्यापासून सतरा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार कच्चे. चारी बाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची शेतं, मधे चाळीसेक घरं. शाळेच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत मोडके बाक कोंबून कुलूप घातलेलं. शिक्षिका एकच, कौशल्या तायडे. पंचेचाळिशीच्या, रोज तेल्हाऱ्याहून स्कुटीनं येणाऱ्या. पोरांसाठी खिचडी शिजवायला गावातल्याच बेबीताई. मी जुलैत सर्व्हर बसवायला गेले तेव्हा पटावर बरोबर दहा पोरं होती.

"दहाच हायेत, नीलमताई," कौशल्याबाई म्हणाल्या. "नऊ झाले का शाळा बंद. मंग पोट्ट्याईले नाला ओलांडून पाच किलोमीटर जा लागते. पोट्टे जातीन एखाद्या वेळेस. पोट्ट्या नाई जात. घरीच बसवतेत त्याईले, अन् दोन-चार सालात लगन."

त्या दहांत बेबीताईंची वर्षाली होती. तिसरीत, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. टॅब तोंडासमोर धरून ती अशी काही ओरडून वाचायला लागली की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"अवं माय, एवढ्या जोरानं कावून वाचतं?" मी कानावर हात ठेवून विचारलं.

"माय तिकडं चुलीपाशी हाये ना. तिले आयकू जा लागते."

हसले मी. बाहेर शेडमध्ये बेबीताई खिचडी ढवळत पदरानं डोळे पुसत होत्या. धूर होता.

नोव्हेंबरात टोकं घासायला गेले. नेहमीप्रमाणे नोंदी उघडून पाहिल्या. दहाच्या दहा नावं रोज चालू. अशी शाळा आमच्या यादीत दुसरी नव्हती. शाबासकी द्यावी म्हणून वर्गात गेले आणि सवयीनं पोरं मोजली. नऊ.

"ते जोरानं वाचणारी कोठी गेली?"

पोरांनी माना खाली घातल्या. कौशल्याबाई मला व्हरांड्यात घेऊन आल्या.

"वर्षाली गेली, ताई. सप्टेंबरात. तीन दिवस ताप होता. अकोल्याले नेऊन राहिले होते, रस्त्यातच गेली."

त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि मी नको ते विचारलं. "मंग तिच्या नावानं रोज कोण वाचून राहिलं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मी."

पटावरून नाव कमी केलं असतं तर नऊ झाले असते. म्हणून नाव ठेवलं. हजेरी घेताना तिचं नाव पुकारायचं, थोडं थांबायचं आणि 'ह' मांडायचा. टॅबवर मात्र काम दिसायला पाहिजे, यंत्र खोटं लिहीत नाही ना! मग शाळा सुटली की बाई स्वतः तिचं नाव दाबून तिसरीचा धडा वाचायच्या. मी हेडफोन लावून दोन-तीन रेकॉर्डिंग ऐकली. पंचेचाळीस वर्षांची बाई लहान आवाज काढून, मधे मधे मुद्दाम अडखळत वाचत होती. एका ठिकाणी रडू आलं म्हणून थांबली होती आणि सर्व्हरनं तिचे चार शब्द कापले होते.

"बाई, हे गुन्हा हाये," मी म्हणाले. "उद्या तपासणी आली तं नोकरी जाईन तुमची."

"माही जाऊ द्या. नऊ लेकराईची शाळा जाईन, त्याचं काय?"

तेवढ्यात मागून बेबीताई बोलल्या. हातात पळी तशीच होती. "ताई, नाव नका काढू. दिवसातून एकडाव कोणी तं तिले हाक मारते. मी चुलीपाशून आयकतो."

आता माझ्या जागी कोणी असतं तर काय केलं असतं? मी नाव राहू दिलं. वरून बाईंना शिकवलं की रोज एकाच वेळी वाचू नका, कधी सकाळी वाचा, कधी दुपारी, म्हणजे खरं वाटेल. आगाऊपणा सगळा माझा. हे मी कोणावर ढकलत नाही.

त्यानंतर दर शनिवारी कौशल्याबाई सगळ्या नोंदी फोनमध्ये उतरवून घ्यायच्या आणि तेल्हाऱ्याला नेटवर्क आलं की मला पाठवायच्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या चाळत बसले होते. मंगळवार, सकाळी अकरा दहा, वर्षाली, धडा सातवा. पण मंगळवारी कौशल्याबाई प्रशिक्षणाला होत्या आणि शाळेला सुट्टी होती. टॅब सगळे कपाटात, कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

शिवाय वाचणारा टॅब आमच्यापैकी नव्हता. प्रत्येक टॅबचा एक नंबर असतो, तो सर्व्हरला माहीत असतो. हा नंबर कोणाचाच नव्हता. नुसती शून्यं होती.

रेकॉर्डिंग लावलं. एक मिनिटाचं होतं. त्यात काहीच नव्हतं. वारा नाही, पाखरू नाही, चालू माइकची खरखर असते तीसुद्धा नाही. शेवटी सर्व्हरचा आवाज आला: 'अडतीस शब्द बरोबर. शाब्बास.'

मी घाबरले नाही. मला राग आला. सर्व्हरचं मेमरी कार्ड खराब झालं असणार. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून निघाले, खारबर्डीत जाऊन कार्ड बदललं, बोर्ड बदलला, केबलसुद्धा बदलली. जुना माल पिशवीत भरून आणला आणि ऑफिसात आठवडाभर चालवून पाहिला. काही दोष नाही.

खारबर्डीच्या नव्या कार्डावर तिसऱ्या दिवशी तीच शून्यं आली.

टॅब किती लांब आहे, ते एका आकड्यावरून कळतं. आकडा नव्वदीच्या घरात असला तर यंत्र फार दूर, तिसाच्या आत आला तर अगदी जवळ. पहिल्या मंगळवारी शून्यांचा आकडा एकोणनव्वद होता. मग अठ्ठ्याऐंशी. मग पंच्याऐंशी. मी परत गेले, आणि स्वतःचा फोन हातात घेऊन भरदुपारी शाळेपासून चालत निघाले. एकोणनव्वद आकडा कुठं येतो ते बघायचं होतं. पऱ्हाटीतून, शेताच्या धुऱ्यावरून, नाल्याच्या काठापर्यंत गेले तेव्हा फोनवर एकोणनव्वद आला. तिथं एक बाभूळ होती आणि बाभळीखाली ओळीनं दगडांचे लहान लहान ढिगारे. एक ढिगारा नवा होता.

परत आल्यावर कौशल्याबाईंना विचारलं, तिथं काय आहे.

"लहान लेकरं पुरतेत तठी," त्या म्हणाल्या. "कावून?"

मी सांगितलं नाही. मनाला समजावलं की उघड्या रानात लहर कुठंही पोचते, कुठूनही परत येते. पुस्तकात तसं आहे. पण त्या आठवड्यात आकडा एकाहत्तर झाला, पुढच्या आठवड्यात अठ्ठावन्न, आणि घरी भाजी निवडताना, दात घासताना मी मनातल्या मनात पावलं मोजायला लागले. पऱ्हाटी संपली. हापशी आली. आता कडुनिंब.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी लागली. शिक्षण विस्तार अधिकारी खुशालराव डोकी मोजून अहवाल लिहिणार होते. कौशल्याबाईंनी आदल्या दिवशी फोन केला. "मी सांगून देतो खरं. पाया पडतो सायेबाच्या. तुमी फक्त या, ताई."

मी गेले. खुशालराव म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मागच्या वर्षी तीन शाळा बंद करून आलेला माणूस. कामाला चोख होते. खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानं, पेनच्या टोकानं एकेक डोकं मोजत गेले.

"आठ. नऊ. दहा. बरोबर हाये."

मी मोजलं. नऊ. परत मोजलं. नऊ. भिंतीकडून मोजलं, दाराकडून मोजलं. पोरं दोन रांगांत बसली होती, पाच आणि चार. मागच्या रांगेत पिंकी नावाची चौथीतली पोरगी भिंतीपासून सरकून, अंग चोरून बसली होती. तिच्या आणि भिंतीच्या मधे एका पोराएवढी पट्टी मोकळी होती.

खुशालरावांनी हजेरी घेतली. वर्षालीचं नाव पुकारलं. कोणी बोललं नाही. खुशालराव त्या मोकळ्या पट्टीकडे बघून हसले.

"हळू बोल्लीस तरी चालते बेटा, ओरडू नोको," म्हणाले, आणि 'ह' मांडला.

मी खिशातला फोन काढला. सर्व्हरच्या नोंदीत शून्यांचा आकडा एकवीस होता.

शाळा वाचली. खुशालराव गेल्यावर बेबीताईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. कौशल्याबाई व्हरांड्याच्या खांबाला धरून रडत होत्या आणि हसतही होत्या. "वाचली वं माय, वाचली." मी साखर तोंडात टाकली. खारट लागली. तिथल्या माणसांच्या हातांना मीठ असतंच.

त्यानंतर पोरं गप्प व्हायला लागली. हे मला फोनवर कळत गेलं. आधी पिंकी घरी सांगायला लागली की टॅब हातात घेतला की वाचायच्या आधीच तो शाब्बास म्हणतो. मग बाकीच्यांचंही तसंच झालं. नोंदी माझ्याकडे येत होत्या. नऊ पोरं, नऊ नावं, सगळ्यांचे पैकीच्या पैकी मार्क, आणि रेकॉर्डिंगमध्ये तीच मिनिटभराची शांतता. पोरांनी वाचणं सोडलं. वाचायची गरजच उरली नव्हती. पुढं पुढं ती वर्गात बोलेनाशी झाली, आणि मग घरीसुद्धा.

गाव काही बोललं नाही. एकानं पोराला चांदूर बाजारला मामाकडे पाठवलं. एक कुटुंब कामाला निघून गेलं. कोणी म्हणालं, शाळा लांब पडते, आणि शाळा तर दारातच होती! मार्च संपेपर्यंत वर्गात तीन पोरं उरली, एप्रिलात एक. नोंदी मात्र रोज दहा येत राहिल्या.

एका दुपारी कौशल्याबाईंचा फोन आला. "नीलमताई, या. नाव काढा तिचं. पायजेन तं शाळा बंद होऊ द्या."

गेले. आत पाऊल टाकलं तर वर्गात एकही पोर नव्हतं. बाई टेबलापाशी बसल्या होत्या, समोर हजेरीचं रजिस्टर. चार महिन्यांत दहा वर्षं काढल्यासारख्या दिसत होत्या.

मी भिंतीवरच्या सर्व्हरची वायर उपटली. हिरवा दिवा विझला.

"वायर काढून काय होते?" त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "पट तं रजिस्टरात हाये."

"मंग रजिस्टरातून कापा."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. वर्षालीच्या नावावर लाल शाईची रेघ होती. त्याखाली तेच नाव पुन्हा लिहिलेलं, निळ्या शाईनं, दुसऱ्या अक्षरात.

"मीच कापलं. खुशालराव सायबानं परत लिवलं. मले म्हणे, बाई, पोरगी समोर बसली हाये अन् तुमी नाव कापता? लाज नाई वाटत?"

"अन् बाकीचे नऊ?"

"त्याईचे मायबाप दाखला मांगून राहिले. दुसऱ्या शाळेत घालाचे हायेत. सायेब सही करत नाई. परवा आले, या खोलीत उभे राह्यले, अन् मोजले." त्यांनी रिकाम्या पट्ट्यांकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "दहा. म्हणे, पोरं इथं बसले अन् दाखला कायचा देता? ऑनलाइनबी नाव इथंच दिसते. दुसरी शाळा घेत नाई त्याईले. पिंकी बकऱ्या चारून राहिली, ताई. ज्या लेकराईसाठी केलं ना मी हे सारं, ते लेकरं आता कोणत्याच शाळेत नाईत."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. चूक माझीही होती आणि ती पुसायची कशी ते मला येत नव्हतं. बोर्ड, कार्ड, केबल, मला एवढंच बदलता येतं.

"बदली मांगा," मी म्हणाले. "निघून जा इथून."

"मांगतली. पट पुरा हाये म्हणतेत. पुऱ्या पटाची शाळा बिनमास्तराची ठेवता येत नाई."

साडेअकरा झाले. त्या उठल्या, रजिस्टर उघडलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. एक नाव घ्यायच्या, थांबायच्या, 'ह' मांडायच्या. दुसरं नाव. थांबायच्या.

मला ऐकवेना. बाहेर आले.

शेडमध्ये बेबीताई राख घेऊन ताटं घासायला नुकत्याच खाली बसल्या होत्या. खारबर्डीत हसऱ्या चेहऱ्याचं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

"बसा, ताई. आज लवकर जेवण झालं लेकराईचं."

मी बसले.

"आमच्या वर्षालीले वटाणे नाई आवडत," त्या कौतुकानं म्हणाल्या, आणि हातात घेतलेलं पहिलं ताट माझ्यासमोर धरलं. "हे पाहा. एक एक निवडून काठाले ठेवते. किती सांगतलं, खा वं बाई, खा. आयकतच नाई."

ताटाच्या काठाला वाटाण्यांची ओळ होती. नीट, एकाला एक लावून ठेवलेली.

मी बाजूच्या ढिगाकडे पाहिलं. न घासलेली नऊ ताटं अजून बाकी होती. नऊच्या नऊ ताटांच्या काठांना वाटाणे तसेच ओळीनं लावून ठेवलेले होते.